मागणी लेखी, पोच हाती



हाताला काम असले की चूल पेटते. काम नसले की घरात भांडण पेटते. हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. पेरणी झाली, खुरपणी झाली, सुगी सरली, की कोरडवाहू गावातले काम संपते. मग पुढचा पाऊस येईपर्यंत शेतात करण्याजोगे थोडेच उरते. शेताला सुट्टी मिळते. पोटाला मात्र सुट्टी नसते.

मग माणसे काय करतात? कोणी मुकादमाकडून उचल घेतात आणि नवरा-बायको जोडीने ऊसतोडीला जातात. बीडसारख्या जिल्ह्यांतून दर वर्षी गाड्या भरून माणसे जातात. कोणी वीटभट्टी गाठतात. कोणी मुंबई-पुण्याची वाट धरतात. मुले बरोबर नेली तर त्यांची शाळा बुडते. मागे ठेवली तर म्हाताऱ्या माणसांवर भार पडतो. आणि उचल एकदा घेतली, की ती फिटेपर्यंत माणूस दुसऱ्याचा बांधील होतो.

यावर आपल्या राज्यात एक उपाय निघाला. सरकारच्या पैशातून, गावाजवळच, अंगमेहनतीचे काम. ते मागण्याचा हक्क कायद्याने दिला. पण हा हक्क आपोआप घरी चालत येत नाही. तो मागावा लागतो. आणि मागताना एक लहानसा कागद हाती घ्यावा लागतो. त्या कागदाचे नाव पोच. हा धडा त्या कागदाचा आहे.

१. हा हक्क आला कोठून?

श्री. वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्याशी त्यांचे जवळचे नाते. गावोगाव त्यांना एकच गोष्ट दिसली. माणसे राबायला तयार आहेत, पण काम नाही. आणि दुसरीकडे गावात कामे पडून आहेत. बांध घालायचे आहेत, तळी खणायची आहेत, रस्ते करायचे आहेत. तेव्हा या दोहोंची गाठ का घालू नये? ज्याला राबायचे आहे त्याला सरकारने काम द्यावे. त्या कामातून गावाचे भले व्हावे. विचार साधा होता.

१९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर येथे हा विचार करून पाहण्यात आला. तेव्हा श्री. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पुढे १९७२ साली राज्यभरासाठी रोजगार हमी योजना ठरली.

त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. तुमच्या गावात सत्तरी गाठलेले कोणी असेल तर त्यांना विचारा. ते मिलोची लाल ज्वारी सांगतील. सुकडी सांगतील. उन्हात खडी फोडलेले दिवस सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या मजुरीने लाखो घरांना तगवले.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दुष्काळी काम सरकार काढील तेव्हा निघे. सरकार थांबवील तेव्हा थांबे. मजुराला ते मागता येत नव्हते. म्हणून लोकांनी आणि लोकांच्या प्रतिनिधींनी कायद्याचा आग्रह धरला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तेव्हापासून काम ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही. खेड्यातल्या प्रौढ माणसाचा तो हक्क झाला.

याला पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. नोकरदाराच्या पगारातून आणि धंदेवाल्याकडून तो घेतात. हा कर रोजगार हमीसाठी म्हणून बसवला. जेवढा कर जमेल तेवढी भर सरकारने आपल्याकडून घालायची, असे ठरले. म्हणजे मुंबईच्या कचेरीतल्या माणसाचा पैसा गावच्या बांधावर पोचला. ही भीक नव्हे बरे का! त्या पैशाच्या बदल्यात मजुरांनी पाझर तलाव केले, नाले बांधले, रस्ते केले. ज्या विहिरीला चैतातही पाणी राहते, तिच्या वरच्या अंगाला एखादा पाझर तलाव आहे का ते पाहा. तो कोणी खणला तेही विचारा.

महाराष्ट्राचे हे पाहून पुढे साऱ्या देशाने असा कायदा केला. संसदेने २००५ साली तो मंजूर केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत काम सुरू झाले. २००८ साली तो देशातल्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. २००९ साली त्याला महात्मा गांधींचे नाव दिले. या कायद्याने दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० च्या जागी १२५ दिवस लिहिले आहेत. पेरणी-कापणीच्या घाईत शेताला मजूर मिळावेत म्हणून वर्षातले ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची सोयही त्यात आहे. तुमच्या तालुक्यात ते बंद दिवस कोणते, ते ग्रामसभेत विचारा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा.

कायद्याचे नाव बदलले, दिवसांचा आकडा बदलला. मजुरीचा दर तर सरकार वेळोवेळी बदलतेच. पण एक गोष्ट पहिल्यापासून तशीच आहे. काम मागितले, की १५ दिवसांत ते मिळाले पाहिजे. न मिळाले तर बेकारी भत्ता मिळाला पाहिजे. सारी हमी या दोन वाक्यांवर उभी आहे.

२. बोललेले आणि लिहिलेले

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात एक मावशी आहेत. दोन एकर कोरडवाहू जमीन. घरात सासू, दोन मुले. मालक ऊसतोडीला गेले आहेत. मावशींना गावातच काम हवे आहे. त्या ग्राम रोजगार सेवकाला गाठतात. रोजगार सेवक म्हणजे ग्रामपंचायतीत या कामाची नोंद ठेवणारा माणूस.

मावशी म्हणतात, "अरे दादा, दिवाळीपासनं सांगतेय तुला, काम काढ म्हणून. तीन महिने झाले की!"

तो म्हणतो, "मावशी, तुम्ही सांगितलंत खरं. पण लिहून कुठं दिलंत?"

"मग काय मी खोटं बोलले?"

"खोटं नाही हो. पण तालुक्याला कागद बघतात. आपल्या गावाची मागणी कागदावर शून्य. मागणी नाही म्हणून काम नाही. माझ्या कानात सांगितलेलं तालुक्याला कसं ऐकू जाणार?"

मंडळी, रोजगार सेवकाचे हे बोलणे कडू असले तरी खरे आहे. गावात पन्नास माणसे बेकार बसलेली असोत. कागदावर मागणी नसेल तर सरकारच्या हिशेबी त्या गावात कोणी बेकार नाही. वारा येतो आणि बोललेले घेऊन जातो. लिहिलेले जागेवर राहते.

मावशी रात्रीच्या वर्गाला जातात. नुकत्याच लिहा-वाचायला शिकल्या आहेत. त्या रात्री त्यांनी आणि शेजारच्या चौघींनी अर्ज लिहिले. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते. दुसऱ्या दिवशी पाचही जणी ग्रामपंचायतीत गेल्या.

रोजगार सेवक म्हणाला, "ठेवून जा. पोच मागनं देतो."

मावशी म्हणाल्या, "मागनं नको, दादा. आत्ताच दे. आम्ही बसतो हितंच."

त्याने पोच लिहिली. सही केली, शिक्का मारला. मावशींनी कागद घेतला. एकेक अक्षर बोटाने लावून वाचला. मग म्हणाल्या, "दादा, यात तारीख नाही."

तो हसला. "राहिली की मावशी! तुम्ही तर मास्तरीणच झालात." आणि त्याने तारीख घातली.

त्या एका तारखेची किंमत किती, ते आता पाहू.

३. तारखेचा हिशेब

पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? अर्ज दिल्याच्या तारखेपासून. तुम्ही पुढच्या तारखेपासून काम मागितले असेल, तर त्या तारखेपासून. पोचेवर तारीख नसेल तर मोजणी सुरूच होत नाही. "तुमचा अर्ज कालच आला," असे कोणी म्हटले तर तुम्ही काय दाखवणार?

समजा, मावशींनी १ फेब्रुवारीला अर्ज दिला. त्याच दिवसाची पोच घेतली. १६ फेब्रुवारीपर्यंत काम निघायला हवे. ते निघाले नाही. २६ फेब्रुवारीपर्यंतही निघाले नाही. म्हणजे १० दिवस वर गेले. या १० दिवसांचा बेकारी भत्ता त्यांना मागता येतो.

भत्ता किती? १९७७ च्या कायद्यात रोजचा निदान १ रुपया होता. २००५ च्या कायद्याने तो वाढवला. पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या निदान चौथा हिस्सा. त्यापुढच्या दिवसांना निदान निम्मा. हिशेबाला सोपे जावे म्हणून मजुरी रोज ३०० रुपये धरू. ३०० चा चौथा हिस्सा ७५. दहा दिवसांचे ७५० रुपये झाले. पाचही जणींचे मिळून ३,७५० रुपये.

तारीख नसती तर? एक पैसाही नाही.

पण भत्ता ही खरी मिळकत नव्हे. आपल्याला भत्ता नको, काम हवे. भत्त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. तो द्यावा लागला, की अधिकाऱ्याला वर जाब द्यावा लागतो. जाब द्यावा लागू नये म्हणून तो काम काढतो. म्हणून आम्ही म्हणतो, पोच हा कागद लहान, पण तो साऱ्या कचेरीला जागे करतो.

४. अर्ज कसा लिहावा?

ग्रामपंचायतीत छापील अर्ज मिळतो. तो नसला तर साध्या कागदावरही लिहिता येतो. हा नमुना पाहा आणि वहीत उतरवून घ्या.

प्रति,
मा. सरपंच / ग्रामसेवक,
ग्रामपंचायत ..............

विषय : काम मिळण्याबाबत.

महोदय,
मी .............. , राहणार .............. . माझ्या कार्डाचा क्रमांक .............. आहे. मला दिनांक .............. पासून १४ दिवस अंगमेहनतीचे काम हवे आहे. तरी काम द्यावे आणि या अर्जाची तारीख घातलेली पोच द्यावी, ही विनंती.

दिनांक ..............
सही / अंगठा ..............

अर्जाआधी कुटुंबाची नोंद आणि कार्ड हवे. लोक त्याला जॉबकार्ड म्हणतात. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका. कार्ड आपल्या घरी, आपल्या पेटीत ठेवा. मुकादमाकडे, पुढाऱ्याकडे ठेवू नका. दुसऱ्याच्या हाती गेलेल्या कार्डावर न केलेली हजेरी चढते आणि तुमचे दिवस खर्ची पडतात.

नावाकडेही लक्ष द्या. कार्डावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे, असे असले की मजुरी अडकते. २०२४ पासून ही मजुरी आधारला जोडलेल्या खात्यावरच जमा करण्याचा नियम झाला. तेव्हा तिन्ही कागद शेजारी ठेवा. नाव अक्षर अक्षर जुळते का ते पाहा. काना, मात्रा, वेलांटी चुकली असेल तर काम सुरू होण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

पोच द्यायला कोणी नाही म्हणाले तर? भांडत बसू नका. तोच अर्ज तालुक्याला तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीत द्या. नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा आणि टपालाची पावती जपा. ग्रामसभेत उभे राहून मागणी सांगा आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. एकट्याने गेल्यापेक्षा दहा जणांनी मिळून जावे. दहा अर्ज एकत्र आले की काम काढायला कारण मिळते.

५. कामावर गेल्यावर

काम निघाले. फावडे, टिकाव, घमेली आली. आता तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा.

पहिली गोष्ट, हजेरी. हजेरीपटाला आपण मस्टर म्हणतो. त्यात आपले नाव आहे का, आजच्या दिवसापुढे खूण झाली का, ते रोज पाहा. २०२३ पासून बहुतेक कामांवर मोबाईलवर फोटो काढून हजेरी लावण्याची पद्धत आली. फोटो काढला तरी आपल्या वहीत आपण स्वतः खूण करावी. तारीख आणि एक रेघ, एवढे पुरे. आठवड्याने कोणी पाच दिवस म्हणाले आणि तुमच्या वहीत सहा रेघा असल्या, तर तुम्हाला बोलता येते.

दुसरी गोष्ट, मोजमाप. बऱ्याच कामांची मजुरी खणलेल्या मातीवर ठरते. समजा, तुमच्या टोळीने एक चर खणला. लांबी १० मीटर, रुंदी १ मीटर, खोली अर्धा मीटर. तिन्हींचा गुणाकार करा. माती झाली ५ घनमीटर. साहेब मोजायला येतील तेव्हा टोळीतला एक जण जवळ उभा राहू द्या. टेप वाचता आला पाहिजे. मुरूम लागला, खडक लागला तर तेही सांगा. कठीण जमिनीचा दर वेगळा असतो.

तिसरी गोष्ट, मजुरी. बाईला आणि बाप्याला सारख्या कामाची मजुरी सारखीच. रोजगार हमीने हे पहिल्यापासून पाळायचे ठरवले. शेतावर बाईला कमी देण्याची जुनी चाल होती, तिला या कामाने धक्का दिला. आणखी एक झाले. गावात सरकारी काम मिळते म्हटल्यावर शेतमालकालाही मजुरी वाढवून बोलावे लागले. जे कामावर गेले नाहीत त्यांचाही यात फायदा झाला.

कामावरच्या सोयी २००५ च्या कायद्याने लिहून दिल्या. प्यायला पाणी, बसायला सावली, औषधाची पेटी. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले बरोबर असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. काम गावापासून ५ किलोमीटरच्या बाहेर असले, तर मजुरीत १० टक्के वाढ. कामावर इजा झाली तर औषधपाणी फुकट. मजुरी १५ दिवसांच्या आत. ठेकेदार ठेवायचा नाही. आता नव्या कायद्याचे नियम यांपैकी काय आणि कसे सांगतात, ते ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. तुम्हाला वाचता येते, तेव्हा तुम्हीच उभे राहून वाचा.

६. शेवटी दोन शब्द

काही जण म्हणतात, "सरकारी कामाचा काय भरवसा? मजुरी उशिरा येते. हेलपाटे पडतात." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मजुरी लांबते, हे आम्हीही पुष्कळ मजुरांकडून ऐकले आहे. पण मजुरी लांबली म्हणून मागणी सोडली, तर कागदावर पुन्हा शून्य दिसेल. मग काम निघायचे नाही आणि पुन्हा मुकादमाची उचल घ्यावी लागेल. उशिराच्या मजुरीचीही लेखी तक्रार करावी आणि तिचीही पोच घ्यावी.

पूर्वी गरीब माणूस कागदाला भीत असे. सावकाराचा कागद, कचेरीचा कागद, सारे कागद दुसऱ्याचे. त्यावर आपला नुसता अंगठा. आता हा एक कागद आपला आहे. तो आपण लिहायचा, आपण वाचायचा, आपण जपायचा. कायदा मुंबईत झाला, दिल्लीत झाला. तो आपल्या गावात खरा करायचा तर अर्ज आपल्यालाच लिहावा लागेल.

कठीण शब्द

पोच : कागद मिळाल्याची लेखी खूण.
इतिवृत्त : सभेत काय झाले त्याची लिहून ठेवलेली हकीकत.
बेकारी भत्ता : मागूनही काम न मिळाल्यास द्यायची रक्कम.
घनमीटर : एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल एवढे माप.

प्रश्न

१. रोजगार हमीचा विचार पहिल्यांदा कोणत्या गावी करून पाहिला?
२. मावशींनी पोच वाचली तेव्हा त्यांना काय कमी दिसले?
३. मजुरी रोज ३२० रुपये धरा. काम १२ दिवस उशिरा निघाले. चौथ्या हिश्शाने भत्ता किती होईल?
४. चर ८ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल आहे. माती किती घनमीटर निघाली?
५. वरचा नमुना पाहून आपल्या नावाने एक अर्ज लिहा. तारीख विसरू नका.